बाळाची सुई आणि आईची धास्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘सात वर्षांच्या उपचारांनंतर, चौथ्या आयव्हीएफला मला मुलगी झाली. ३८ आठवडे पूर्ण, वजन २.८ किलो, सगळं नीट. सहाव्या आठवड्याच्या लसींच्या वेळी ती किंचाळली आणि मी खोलीबाहेर पळाले. त्या संध्याकाळी ती तासभर रडली. तेव्हापासून मला धड झोप नाही. रात्री सारखी उठून तिचा श्वास बघते. आता दहावा आठवडा जवळ आलाय. लस थोडी पुढे ढकलली तर चालेल का? इतक्या लहान वयात सोसलेल्या दुखण्याचा तिच्यावर परिणाम होईल का? घरचे म्हणतात, मिळालंय ना बाळ, आता कसली काळजी? मला वेड लागलंय का?’

वेड लागलेलं नाही. लस पुढे ढकलू नका. आणि हो, बाळाला सुई खरंच दुखते, पण ते दुखणं बरंच कमी करता येतं. ते कमी करणारं सगळ्यात चांगलं औषध त्या दिवशी खोलीबाहेर उभं होतं. हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. मी नवजात बाळांची डॉक्टर आहे, पंचवीसहून जास्त वर्षं हेच काम करते आहे, आणि आयांना खोलीबाहेर काढण्याची चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुमच्याविषयी. उपचारांच्या वर्षांत मन एक गोष्ट पक्की शिकतं, की चांगल्या बातमीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) वाढले, पण बीजं कमी निघाली. बीजं निघाली, पण भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत. भ्रूण आत सोडले, की बीटा एचसीजीच्या, म्हणजे गर्भ राहिला की नाही ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टपर्यंतचे ते दोन आठवडे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आकडा दुप्पट होतोय का, दुप्पट झाला तर ठोके दिसतायत का. दर पायरीवर आनंद हातात येतो आणि ‘थांबा, अजून नक्की नाही’ म्हणून कुणीतरी तो परत काढून घेतं. सात वर्षं असं काढलेल्या बाईचं मन बाळंत झाल्यावर एका रात्रीत निर्धास्त होत नाही. ते अजून पुढच्या रिपोर्टची वाट बघत असतं. मध्यरात्री तुम्ही जो श्वास बघता, तो तुमच्या मनाला हवा असलेला रिपोर्टच आहे. फक्त तो आता दर अर्ध्या तासानं लागतो.

यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. अशा गरोदरपणात केसपेपरवर ‘प्रेशस प्रेग्नन्सी’ असं लिहायची आमच्यात जुनी सवय आहे. आम्हाला म्हणायचं असतं, जरा जास्त लक्ष ठेवा. आईला ऐकू येतं, हे बाळ नाजूक आहे. तुमची मुलगी तुमच्यासाठी मौल्यवान आहे, पण नाजूक नाही. पूर्ण दिवसांची, २.८ किलोची, अंगावर पिणारी मुलगी ही चारचौघींसारखी धडधाकट मुलगी आहे. आयव्हीएफच्या बाळांमध्ये लवकर जन्मण्याचं आणि कमी वजनाचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, मुख्यतः जुळ्यांमुळे, आणि जन्मजात दोषांचं प्रमाणही किंचित जास्त दिसतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यासारखं नाही. पण तुमची मुलगी त्या दारातून केव्हाच सुखरूप पुढे आली आहे. लस टोचल्यावर तिला इतर बाळांपेक्षा जास्त दुखेल किंवा लस तिला सोसणार नाही, असं मानायला काहीही आधार नाही.

‘मिळालंय ना बाळ’ या वाक्यानं किती आयांचं तोंड बंद झालेलं मी पाहिलंय. इतकं मागून घेतलेलं, मग तक्रार कोणत्या तोंडानं करायची? थकले म्हणायचं नाही, कंटाळले म्हणायचं नाही, भीती वाटते म्हणायचं तर अजिबातच नाही. त्यात अनेकींनी उपचार कुणाला सांगितलेलेच नसतात, मग धास्तीचं कारण तरी काय सांगणार? म्हणून हे स्पष्ट लिहिते. बाळ हवं होतं आणि बाळाची भीती वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतात. त्यानं तुमच्या कृतज्ञतेला काही कमीपणा येत नाही. आयव्हीएफच्या कुटुंबांचा जिथे वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, तिथे या आया बाळाशी निगुतीनं, मायेनं वागण्यात कुठेही कमी पडलेल्या दिसल्या नाहीत. गरोदरपणात बाळाबद्दलची काळजी मात्र त्यांना जास्त असते, हेही पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात.

आता दुखण्याकडे येते. तुमच्या प्रश्नाचे दोन धागे एकाच वर्षात सुरू झाले, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राउन जन्मली, जगातली पहिली आयव्हीएफची मुलगी. ती पुढे स्वतः आई झाली, तीही कोणत्याही उपचारांशिवाय. आणि त्याच १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून, कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ती युक्ती आज जगभर कांगारू पद्धत म्हणून वापरतात. बाळाला ऊब मिळावी म्हणून ती सुरू झाली. पुढे लक्षात आलं, की छातीवर असलेल्या बाळाला सुई टोचली तर ते कमी रडतं, चेहरा कमी वेळ आक्रसतो आणि ठोके लवकर जागेवर येतात.

हे लक्षात यायला वेळ का लागला? कारण त्या काळात बहुतेक डॉक्टर असं मानायचे, की नवजात बाळाला वेदना कळतच नाही. त्याच्या मज्जातंतूंवरचं आवरण पूर्ण झालेलं नसतं, म्हणून संवेदना पोचत नाही, असा तर्क होता. बाळांच्या शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन व्हायच्या. १९८७ साली डॉ. के. जे. एस. आनंद यांच्या कामानं ही समजूत मोडली. बाळाला पुरेशी भूल दिली तर त्याच्या शरीरातली ताणाची संप्रेरकं कमी उसळतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी झोपलेल्या नवजात बाळांच्या मेंदूचा एमआरआय करताना त्यांच्या तळपायाला हलकंसं टोचून पाहिलं. मोठ्या माणसांत वेदनेला मेंदूचे २० भाग जागे होतात, त्यातले १८ बाळांतही जागे झाले. तेव्हा कुणी ‘एवढंसं बाळ, त्याला काय कळतंय’ म्हणालं, तर तुमच्या मनात जे चर्र झालं तेच बरोबर होतं.

पण म्हणून दोन सुयांनी तिच्या मनावर कायमचा ओरखडा उठेल का? नाही. काळजी वाटते ती अतिदक्षता विभागातल्या, आठवडेच्या आठवडे रोज अनेकदा टोचल्या जाणाऱ्या फार कमी दिवसांच्या बाळांची. तसंच काहीही वेदनाशामक उपाय न करता केलेल्या मोठ्या प्रक्रियांची. तुमच्या मुलीच्या लसींचा क्षण काही सेकंदांचा आहे. त्या क्षणी तिला जवळ घेतलेलं असेल, तर ‘दुखलं आणि मग बरं वाटलं’ हा पूर्ण अनुभव तिच्या वाट्याला येतो. ज्याच्यापासून ही लस वाचवते तो डांग्या खोकला मात्र याच वयात, पहिल्या काही महिन्यांत, जिवावर उठतो. लस पुढे ढकललेला प्रत्येक आठवडा हा त्याला मोकळं दार ठेवल्यासारखा आहे. म्हणून सुरुवातीलाच नाही म्हणाले.

मग त्या दिवशी नेमकं काय करायचं, ते बारकाईनं सांगते, कारण खरा उपयोग याच भागाचा आहे.

पुढून उघडणारा कपडा घाला. बाळाला पोटभर पाजून नेऊ नका, थोडी भूक राहू द्या. रोटाव्हायरसची (जुलाबांच्या विषाणूची) लस तोंडावाटे असते आणि गोड असते, ती आधी द्यायला सांगा. मग बाळाला पदराखाली किंवा पांघरुणाखाली घ्या, तिच्या अंगावरचे वरचे कपडे काढलेले, पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, मांडी मोकळी. पाजायला सुरुवात करा. नुसतं तोंड लावलं म्हणजे झालं नाही. जबडा खोलवर हलतोय, घोट गिळल्याचा आवाज येतोय, मुठी सैल पडतायत, इतकं होऊ द्या. दोनेक मिनिटं लागतील. त्यानंतर नर्सला मान हलवून खूण करा. सुई टोचताना ती तोंड सोडून रडेल, कदाचित. पुन्हा लावा. टोचून झाल्यावरही पाजत राहा. ठसका लागेल अशी भीती अनेकांना वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ सालच्या मार्गदर्शनात लस देताना अंगावर पाजायला स्पष्ट पाठिंबा दिलेला आहे. त्याच मार्गदर्शनात आणखी काही गोष्टी आहेत, त्या तुम्ही बेलाशक मागू शकता: बाळाला टेबलावर आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर घेणं, सुई मांडीत गेल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून न बघणं, आणि एकाहून जास्त इंजेक्शनं असतील तर सगळ्यात झोंबणारं शेवटी ठेवणं.

अंगावर पाजत नसाल किंवा त्या वेळी जमलं नाही तर साखरेचं निर्जंतुक द्रावण चालतं, सुईच्या सुमारे दोन मिनिटं आधी, अगदी थोडं, जिभेच्या पुढच्या भागावर. ते दवाखान्यातून मागून घ्या, घरी बनवू नका, आणि रोजच्या रडण्यावरचा उपाय म्हणून तर मुळीच वापरू नका. मध मात्र वर्षाच्या आत कोणत्याही कारणानं द्यायचा नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि हात. २०१८ साली ऑक्सफर्डच्याच संशोधकांना दिसलं, की टोचण्याआधी बाळाच्या पायावरून सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर या गतीनं हळुवार हात फिरवला तर मेंदूतली वेदनेची नोंद कमी होते. नेहमीच्या हिशेबात सांगायचं तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जायला तीन-चार सेकंद. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. झोपलेल्या बाळाच्या अंगावरून आया हात फिरवतात तो जवळपास याच गतीनं. त्यांना कुणी सेंटिमीटर सांगितलेले नसतात.

‘पण मीच घाबरलेली असेन तर?’ हा तुमचा खरा प्रश्न आहे, असं मला वाटतं. इथे माझी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी आयांना सांगायचे, तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला बघवणार नाही. मला तो समंजसपणा वाटायचा. एकदा कमी दिवसांच्या एका बाळाचं रक्त घेताना त्याची आई हटूनच बसली. तिनं बाळाला छातीशी धरलं. तिचे हात कापत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बाळाच्या टोपीवर पडत होतं. तिचाही उपचारांचा मोठा प्रवास झालेला होता. स्वतःच्या पोटात रोज इंजेक्शन घेताना कधी हू की चू केलं नाही, पण याच्या टाचेतली सुई बघवत नाही, असं ती म्हणत होती. आणि ते बाळ, ज्याला आदल्या दिवशी टेबलावर टोचल्यावर शांत करायला आम्हाला दहा मिनिटं लागली होती, ते एकदाच रडलं आणि तिच्या गळ्याशी तोंड घालून गप्प झालं. बाळाला शांत, निर्भय आई लागत नाही. त्याला ओळखीचा वास, ऊब, ठोके आणि आवाज लागतो. हे सगळं घाबरलेल्या आईकडेही असतंच. त्या दिवसानंतर मी कुठल्याही आईला बाहेर जायला सांगितलेलं नाही.

तरीही तुम्हाला चक्कर येईल, पाय लटपटतील असं वाटलं तर खुर्चीत बसून घ्या, सुईकडे न बघता बाळाच्या कानाकडे बघा, आणि श्वास सोडताना लांब सोडा. बोलायचं असेल तर नेहमीचं बोला, अंगाई म्हणा. ‘सॉरी बाळा, सॉरी’ असं घाईघाईनं म्हणत राहिलं की आपलाच आवाज चढत जातो.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस टोचलेली जागा लाल होणं, सुजणं, थोडासा ताप येणं हे चालायचंच. पातळ फडक्याची गार पट्टी ठेवा, चोळू नका. छोटी गाठ काही आठवडे राहू शकते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेल्या मात्रेतच द्या, आणि आधीपासून ‘असू दे’ म्हणून नको, ताप किंवा दुखणं दिसल्यावर. सलग तीन तासांहून जास्त, कशानंच न थांबणारं रडणं असेल तर डॉक्टरांना कळवा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर लस झालेली असो वा नसो, घरी अंदाज बांधत बसू नका, त्याच वेळी फोन करा.

तासभराचं रडणं मात्र वेगळं. बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं. संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, कारण न सापडणारं रडणं निरोगी बाळांतही असतं. तुमच्या मुलीची लस नेमकी त्याच आठवड्यात आली, त्यामुळे सगळा दोष सुईच्या माथी गेला. रडणं अचानक आणि वेगळ्या सुराचं असेल तर मात्र बाळाला पूर्ण उघडं करून बघा. मांडीच्या सांध्यात फुगवटा आहे का, आणि मोजे काढून एकेक बोट. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, त्यातला एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो आणि बोट सुजून लालभडक होतं. भिंगाशिवाय दिसणार नाही असा एक केस काढल्यावर दोन तास रडणारं बाळ झोपी गेलेलं मी पाहिलंय. हिरवी उलटी, शौचातून रक्त, मलूलपणा, पिणं सोडणं, टाळू फुगणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही.

रडण्यानं तुमचाच तोल जातोय असं वाटलं तर तिला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. पाळण्यात रडणाऱ्या बाळाला काही होत नाही; वैतागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मात्र मेंदूला इजा होते. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

श्वासाबद्दल. या वयाची बाळं झोपेत पाच-दहा सेकंद थांबतात, मग भरभर श्वास घेतात, मग पुन्हा संथ. तुम्ही नेमक्या त्या थांबण्याच्या क्षणी वाकून बघत असाल तर काळजाचा ठोका चुकणारच. ते नॉर्मल आहे. वीस सेकंद किंवा जास्त थांबणं, ओठ निळे पडणं, प्रत्येक श्वासाला छाती आत ओढली जाणं, हे नॉर्मल नाही. तिला पाठीवर, सपाट गादीवर, उशी-रजई न ठेवता, तुमच्याच खोलीत झोपवा. तिच्या सुरक्षिततेसाठी जे करायचं, ते इतक्यात झालं. दर अर्ध्या तासाला उठण्यानं त्यात भर पडत नाही, तुमची झोप मात्र जाते, आणि झोप गेली की धास्ती दुप्पट होते. आजपासून एक करून बघा: रात्रीचे चार तास बाळाच्या वडिलांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी पूर्ण जबाबदारी घ्यायची आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं, पाजण्यापुरतं उठायचं.

त्या चार तासांतही, कुणीतरी बाळाजवळ जागं असताना, तुम्हाला झोप लागली नाही, तर ती खूण मी गांभीर्यानं घेते. दोन आठवड्यांहून जास्त हे चाललं असेल, पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय राहवत नसेल, छातीत धडधड होत असेल, भीतीपोटी लस, बाहेर जाणं, बाळाला दुसऱ्याच्या हातात देणं टाळलं जात असेल, तर ही बाळंतपणानंतरची चिंता आहे. ती आजार म्हणून ओळखली जाते आणि बरी होते. तुमच्या पत्रातल्या गोष्टींवरून तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात, असं मला वाटतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतर आईचं मन कसं आहे ते तपासणारी) मागा. १९८७ पासून वापरात असलेले हे दहा प्रश्न आहेत, भरायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यातले तीन खास धास्तीबद्दलचे आहेत. समुपदेशनानं बऱ्याच जणींना पुरेसा फरक पडतो. गोळी लागलीच तर अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. सर्ट्रालिन त्यातलं नेहमीचं, दुधात ते फार कमी उतरतं.

बाळ हातातून पडतंय अशी चित्रं डोळ्यांसमोर येत असतील आणि त्यांनी तुम्ही हादरून जात असाल, तर तेही सांगा. असे नकोसे विचार खूप आयांना येतात. ते आले म्हणून कुणी तसं करत नाही. स्वतःला संपवावंसं वाटणं, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, बाळाविषयी विचित्र खात्री वाटू लागणं, यात मात्र सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं, आणि हे घरातल्यांना आधीच माहीत हवं.

दहाव्या आठवड्याची तारीख कायम ठेवा. जाण्याआधी दवाखान्यात फोन करून एवढंच विचारा: ‘लस देताना मी बाळाला अंगावर पाजत राहिले तर चालेल ना?’ नाही म्हणाले, तर कारण विचारा, आणि कारण पटलं नाही तर त्याच आठवड्यात दुसरीकडे लस घ्या.